सिनेमा लावला की टीव्हीवर काळ्या पट्ट्या येतात: बिघाड कोणता, सेटिंग कोणतं आणि सिनेमाचाच आकार कोणता

टीव्ही बसवणं आणि दुरुस्त करणं हे माझं काम. घरात नवा टीव्ही लागला, पहिला सिनेमा बघून झाला, की ठरलेला फोन येतो: "दादा, वर-खाली काळ्या पट्ट्या येतायत, पॅनल गेलं का?" बहुतेक वेळा पॅनल ठणठणीत असतं. पण काही वेळा खरंच बिघाड असतो, आणि काही वेळा सेटिंग चुकलेलं असल्यामुळे लोक वर्षानुवर्षं लहान किंवा ताणलेलं चित्र बघत बसतात. म्हणून आधी लक्षण नीट बघा. पट्टी कुठे आहे, कधी येते आणि तिची कड कशी आहे, एवढ्यावरून निम्मं निदान होतं.

लक्षणं

- फक्त सिनेमात (किंवा एखाद्या वेब सीरिजमध्ये) वर आणि खाली सारख्याच जाडीच्या पट्ट्या. बातम्या, मालिका, क्रिकेट पूर्ण स्क्रीनवर.
- जुना सिनेमा किंवा जुना कार्यक्रम लावला की डावी-उजवीकडे पट्ट्या.
- चारही बाजूंनी काळं आणि मधे लहान चित्र.
- तोच सिनेमा चॅनलवर पूर्ण स्क्रीन, पण ओटीटीवर पट्ट्यांसह.
- एकाच सिनेमात पट्ट्या मधेच जातात आणि परत येतात.
- पट्ट्या नाहीत, पण माणसं जाड किंवा लांबुडकी दिसतात, किंवा बातम्यांची खालची ओळ अर्धी कापली जाते.
- पट्ट्या काळ्या न दिसता राखाडी दिसतात.
- एकाच बाजूला काळा पट्टा, काहीही लावलं तरी तिथेच.

यातलं शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी कशासाठीही टीव्हीचं झाकण उघडावं लागत नाही.

पहिली तपासणी: होम बटण दाबा

याला ना पैसा लागतो, ना वेळ. पट्ट्या दिसत असतानाच टीव्हीच्या रिमोटवरचं होम किंवा मेन्यूचं बटण दाबा. होम स्क्रीन टीव्हीचा स्वतःचा बोर्ड तयार करतो आणि ती पॅनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरते. जिथे काळं होतं तिथे आता चित्रं, अक्षरं, रंग दिसले, तर पॅनलचा तो भाग जिवंत आहे आणि पट्टी चित्राबरोबर बाहेरून आलेली आहे. होम स्क्रीनवरही तो भाग काळाच राहिला, तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

मी कुणाच्याही घरी गेलो की सगळ्यात आधी हेच करतो. आमच्या आधीच्या पिढीची भीती मात्र निराधार नाही. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत वर-खाली काळं येणं हा खराच बिघाड असायचा: व्हर्टिकल सेक्शनमधला आयसी किंवा कपॅसिटर कमजोर झाला की चित्र उभ्या दिशेनं आक्रसायचं, आणि फार बिघडलं तर मधे एक आडवी पांढरी रेघ उरायची. आजच्या सपाट पॅनलमध्ये तो सेक्शनच नाही. त्यामुळे वर-खाली सारख्या, सरळ कडेच्या पट्ट्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण उरलेलं नाही.

दुसरी तपासणी: मॅच किंवा एचडी बातम्या लावा

थेट प्रक्षेपणाचा क्रिकेट सामना किंवा एचडी बातम्यांचं चॅनल लावा. हे चित्र १६:९ (रुंदी १६ तर उंची ९) याच आकारात तयार होतं, म्हणजे तुमच्या टीव्हीच्या आकारात. ते काठोकाठ बसलं आणि फक्त सिनेमालाच पट्ट्या येत असतील, तर तुमचा टीव्ही, तुमची केबल आणि तुमचं सेटिंग तिन्ही बरोबर आहेत. इथे तपासणी संपते. मग या पट्ट्या येतात का, ते मात्र समजून घ्या. ते कळलं नाही तर पुढे कुणीतरी "पट्ट्या काढून देतो" म्हणून चित्राचं नुकसान करून जातो.

टीव्हीची रुंदी उंचीच्या १.७८ पट असते. आजचे बरेच मोठे सिनेमे २.३९ पट रुंद असतात, ज्याला थिएटरवाले 'स्कोप' म्हणतात. ४३ इंची टीव्हीची स्क्रीन साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच असते. २.३९ चा सिनेमा पूर्ण ९५ सेंटीमीटर रुंदीत बसवला, की त्याची उंची होते जेमतेम ४० सेंटीमीटर. उरलेले साडेतेरा सेंटीमीटर वर-खाली विभागले जातात, म्हणून प्रत्येक पट्टी पावणेसात सेंटीमीटरच्या आसपास येते. फुल एचडीच्या भाषेत, १०८० ओळींपैकी चित्राला मिळतात ८०३. म्हणजे पाव स्क्रीनवर चित्रच नसतं. तुमच्या पट्ट्या याच प्रमाणात असतील तर तुम्ही स्कोप सिनेमा बघताय, एवढाच त्याचा अर्थ.

सगळे सिनेमे स्कोप नसतात. १.८५ चा सिनेमा असेल तर फुल एचडीवर वर-खाली जेमतेम २१-२१ ओळींची रेघ दिसते, पुष्कळांच्या ती लक्षातही येत नाही. हल्ली अनेक वेब सीरिज २:१ या आकारात येतात. तिथे पट्टी ६० ओळींची, बारीक पण दिसणारी. म्हणूनच एकाच टीव्हीवर रोज वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या दिसतात आणि लोकांना वाटतं बिघाड वाढत चाललाय.

हा घोळ झाला कसा? मूकपटांपासून सिनेमाचं चित्र जवळपास चौकोनी होतं, ४:३ च्या आसपास. बोलपट आल्यावर १९३२ साली हॉलिवूडनं १.३७ हे प्रमाण पक्कं केलं. घरातल्या पिक्चर ट्यूबनं तोच ४:३ आकार उचलला. मग १९५० च्या दशकात अमेरिकेत लोक घरीच टीव्ही बघू लागले, थिएटरं ओस पडू लागली, आणि घरात मिळणार नाही असं काही द्यायचं म्हणून स्टुडिओंनी पडदा रुंद केला. १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. आपल्याकडे १९५९ मध्ये गुरुदत्तचा 'कागज के फूल' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट, छायालेखन व्ही. के. मूर्तींचं. तेव्हाच्या थिएटरात हे वेगळेपण पडद्याच्या रुंदीतून जाणवायचं. ज्या टीव्हीपासून वेगळं व्हायचं म्हणून सिनेमा रुंद झाला, त्याच टीव्हीवर आता आपण तो बघतो, आणि तो तिथे काठोकाठ बसत नाही.

एचडी टीव्हीचा आकार ठरवताना १९८० च्या दशकात अमेरिकेतले इंजिनिअर कर्न्स पॉवर्स यांनी तेव्हा चालू असलेले सगळे आकार सारख्या क्षेत्रफळाचे करून एकावर एक, मध्यबिंदू जुळवून ठेवले. त्या सगळ्यांना सामावणारी बाहेरची चौकट आणि सगळ्यांत समाईक असलेली आतली चौकट, दोन्हींचं प्रमाण १.७७ च्या आसपास निघालं. तेच पुढे १६:९ झालं. हा आकार मुद्दाम मधला निवडलेला आहे: कशालाही पूर्ण न्याय नाही, पण कशावरही फार अन्यायही नाही. फिलिप्सनं २००९ मध्ये २१:९ चा टीव्ही काढून पाहिला होता. त्यावर स्कोप सिनेमा काठोकाठ बसायचा, पण बातम्या आणि मॅचला डावी-उजवीकडे पट्ट्या यायच्या. तो बाजारात टिकला नाही.

"मग चॅनलवर तोच सिनेमा पूर्ण कसा दिसतो?" हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. अनेक चॅनलं सिनेमा दाखवताना त्याच्या दोन्ही कडा कापून तो १६:९ करतात. २.३९ चं चित्र १.७८ मध्ये भरायचं तर रुंदीचा पाव भाग टाकून द्यावा लागतो. ओटीटीवर पट्ट्या दिसतात तिथे तुम्हाला पूर्ण सिनेमा मिळतोय, आणि चॅनलवर स्क्रीन भरलेली दिसते तिथे पाऊण. दोन पात्रं पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून बोलत असतील, तर कापलेल्या चित्रात एकाचं नाक आणि दुसऱ्याचा कान उरतो.

जुन्या सिनेमाच्या डाव्या-उजव्या पट्ट्यांचंही हेच गणित, फक्त उलटं. प्रभातचा 'संत तुकाराम' किंवा अत्र्यांचा 'श्यामची आई' हे चौकोनी आकाराचेच सिनेमे आहेत. फुल एचडीवर ४:३ चित्र १४४० ठिपके रुंद बसतं आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपके रिकामे राहतात. ते रिकामे राहू द्या. ताणून भरलं तर दोन्ही सिनेमांतल्या प्रत्येक माणसाचा चेहरा तेहतीस टक्के रुंद होतो.

सिनेमा चालू असताना पट्ट्या मधेच जाऊन येत असतील तर तोही दोष नाही. 'द डार्क नाइट' या २००८ च्या सिनेमात काही प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यानं, उंच चौकटीत टिपलेले आहेत. ब्ल्यू-रेवर ते प्रसंग आले की पट्ट्या जातात, संपले की परत येतात. असे आणखीही सिनेमे आहेत.

तिसरी तपासणी: रिमोटवरचं चित्राच्या आकाराचं बटण

मॅचलाही पट्ट्या येत असतील, किंवा चेहरे ताणलेले दिसत असतील, तर इथून पुढे वाचा.

कुठे हे बटण 'पी साइझ' असतं, कुठे 'वाइड', कुठे 'ॲस्पेक्ट', आणि नव्या रिमोटवर ते नसतंच, पिक्चर सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथे '१६:९', 'ओरिजिनल' किंवा 'नॉर्मल' निवडा. 'झूम', 'सिनेमा झूम', 'स्ट्रेच', 'वाइड झूम' असलं काही लागलेलं असेल तर काढा. 'ऑटो वाइड' असेल तर बंद करून बघा. हे सेटिंग स्वतःच्या अंदाजानं चित्राचा आकार बदलतं आणि अंधाऱ्या दृश्यात त्याचा अंदाज चुकतो. लहान मुलं रिमोटशी खेळताना हे बटण हमखास दाबतात.

आणखी एक सेटिंग याच्याच शेजारी असतं आणि त्याकडे फार कमी लोक बघतात: 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सल' अशा नावांचं. हे बंद असेल तर टीव्ही चित्र किंचित मोठं करून चारही कडा थोड्या कापतो. ही पिक्चर ट्यूबच्या काळातली सवय आहे, तेव्हा चित्राच्या कडा वेड्यावाकड्या असायच्या आणि त्या लपवाव्या लागायच्या. बातम्यांची खालची ओळ अर्धी दिसणं किंवा कोपऱ्यातला धावफलक कापला जाणं याचं कारण बहुतेकदा हेच. ते चालू करा.

सेटिंग प्रत्येक जोडणीसाठी वेगळं साठवलं जातं, हे लक्षात ठेवा. एचडीएमआय एकवर बरोबर केलंत म्हणून दोनवर बरोबर झालं असं नाही. आणि टीव्हीच्या आतल्या ओटीटी ॲपमध्ये हा पर्याय पुष्कळदा फिकट दिसतो, निवडता येत नाही. तो बिघाड नव्हे.

झूमबद्दल माझं मत स्पष्ट आहे. स्कोप सिनेमावर झूम लावू नका. पाव चित्र जातंच, शिवाय सबटायटल खालच्या पट्टीत असतील तर तीही जातात.

चौथी तपासणी: सेटटॉप बॉक्स आणि त्याची वायर

चारही बाजूंनी काळं असेल तर सगळ्यात आधी सेटटॉप बॉक्सवर संशय घ्या. बॉक्सच्या सेटिंगमध्ये 'टीव्ही टाइप' किंवा 'ॲस्पेक्ट रेशिओ' असतो. तिथे ४:३ लेटरबॉक्स राहिलेलं असेल, तर बॉक्स रुंद चित्राला वर-खाली पट्ट्या लावून चौकोनी करतो, आणि टीव्ही त्या चौकोनाला डावी-उजवीकडे पट्ट्या लावतो. दोघांनी आपापलं काम बरोबर केलं आणि चित्र मधे लहान उरलं. तिथे १६:९ करा, आउटपुट १०८० वर ठेवा.

मग बॉक्सच्या मागे बघा. लाल-पांढरी-पिवळी वायर लागलेली असेल तर तिच्यातून एचडी चित्र येतच नाही. बॉक्स एचडी असेल तर साधी एचडीएमआय वायर लावा, महागड्या वायरची गरज नाही. जुना एसडी, म्हणजे एचडी नसलेला, बॉक्स असेल तर सेटिंगनं फार काही होणार नाही, ऑपरेटरकडून बॉक्स बदलून घेणं हाच उपाय. बॉक्स एचडी असूनही घरात चॅनलची एसडी आवृत्ती लावलेली असते, हेही एकदा बघून घ्या.

डीव्हीडी प्लेअर अजून कुणाकडे चालू असेल तर त्यातही हेच: ४:३ एलबी, ४:३ पीएस आणि १६:९ असे तीन पर्याय असतात. शेवटचा निवडा.

पाचवी तपासणी: मोबाइल, लॅपटॉप आणि पेन ड्राइव्ह

मोबाइलची स्क्रीन टीव्हीवर जशीच्या तशी दाखवली, म्हणजे मिररिंग केलं, तर मोबाइलचा आकारही टीव्हीवर येतो. आजचे बरेच फोन २०:९ असतात. फोनवर १६:९ व्हिडिओ लावला की फोनमध्येच डावी-उजवीकडे काळं येतं, आणि तो फोन टीव्हीवर दाखवला की वर-खालीही येतं. उपाय म्हणजे मिररिंगऐवजी ॲपमधलं कास्टचं चिन्ह वापरा. त्यात टीव्ही व्हिडिओ थेट इंटरनेटवरून घेतो, फोनचा आकार मधे येत नाही.

लॅपटॉप १६:१० चा असेल, म्हणजे १९२० बाय १२००, आणि चित्र 'डुप्लिकेट' केलेलं असेल, तर टीव्हीवर डावी-उजवीकडे बारीक पट्ट्या येतात. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'सेकंड स्क्रीन ओन्ली' निवडा, किंवा रिझोल्यूशन १९२० बाय १०८० करा. चारही बाजूंनी सारखी बारीक काळी कड येत असेल आणि लॅपटॉपमध्ये एएमडीचं ग्राफिक्स असेल, तर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेखाली 'एचडीएमआय स्केलिंग' शोधून ते शून्यावर आणा.

पेन ड्राइव्हवरच्या फाइली आणि यूट्यूबवरची जुनी गाणी यांच्यात काही वेळा पट्ट्या चित्रातच छापलेल्या असतात. कुणीतरी जुन्या चौकोनी रेकॉर्डिंगवरून ते चढवलेलं असतं, त्यामुळे वर-खालीही काळं आणि बाजूलाही काळं. इथे खुशाल टीव्हीचा झूम वापरा. कापलं जातं ते फक्त काळं, चित्राचं काही जात नाही. झूम योग्य ठरतो अशी मला माहीत असलेली ही एकच जागा. गाणं संपलं की आठवणीनं परत '१६:९' करा.

पट्ट्या राखाडी दिसत असतील तर

एलसीडी पॅनलच्या मागे सतत दिवे लागलेले असतात. काळा ठिपका म्हणजे तो प्रकाश अडवणारा ठिपका, आणि थोडा प्रकाश गळतोच. अंधाऱ्या खोलीत पट्ट्या राखाडी दिसतात त्या यामुळे. एलसीडीचे दोन प्रकार: आयपीएस पॅनलमध्ये हे जास्त, व्हीए पॅनलमध्ये कमी, आणि ओएलईडीमध्ये ठिपका स्वतःच विझतो म्हणून पट्टी खरोखर काळी असते. बॅकलाइट कमी करा आणि टीव्हीच्या मागच्या भिंतीवर एखादा मंद दिवा ठेवा. डोळ्यांना पट्ट्या लगेच काळ्या वाटू लागतात. हा दिव्याचा उपाय मी प्रत्येकाला सांगतो, कारण त्यानं सिनेमा बघण्यात खरा फरक पडतो.

फक्त एखाद्या लॅपटॉपवरूनच पट्ट्या राखाडी आणि सगळं चित्र धुतल्यासारखं दिसत असेल, तर 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' बघा आणि ते ऑटोवर ठेवा. व्हिडिओच्या पद्धतीत काळा रंग १६ या अंकापासून सुरू होतो, कॉम्प्युटरच्या पद्धतीत शून्यापासून. दोघांची समजूत वेगळी झाली की काळं राखाडी होतं.

रीसेट

एवढं करूनही चारही बाजूंचं काळं जात नसेल, तर टीव्ही प्लगपासून काढून थोडा वेळ थांबा आणि परत लावा, मग सॉफ्टवेअर अपडेट करा, मग फक्त पिक्चर रीसेट. फॅक्टरी रीसेट अगदी शेवटी, आणि त्याआधी वायफायचा आणि सगळ्या ॲपचे पासवर्ड लिहून ठेवा.

इथे थांबा आणि टेक्निशियनला बोलवा

होम स्क्रीनवरही पट्टा काळाच राहतो. पट्ट्याच्या कडेला रंगीत रेघा आहेत, किंवा कड अस्पष्ट, ढगाळ आहे. विजांच्या कडकडाटानंतर, टीव्हीत पाणी शिरल्यानंतर किंवा धक्का लागल्यानंतर पट्टा आला. पट्टा लुकलुकतो, किंवा टीव्ही तापल्यावर मोठा होतो. यातलं एकही असेल तर सेटिंगशी खेळणं बंद करा.

एक गोष्ट मात्र बोलवण्याआधी स्वतः करता येते. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च त्या काळ्या भागावर तिरका धरा. आत फिकट चित्र हलताना दिसलं, तर पॅनल चालू आहे आणि मागची एलईडीची पट्टी गेलेली आहे. ही दुरुस्ती होते आणि परवडते. ती करताना एकच पट्टी न बदलता पूर्ण संच बदलायला सांगा, कारण बाकीच्या पट्ट्याही तितक्याच वापरलेल्या असतात. टॉर्चखाली काहीच दिसलं नाही आणि उभा, सरळ पट्टा असेल, तर पॅनलच्या काचेला चिकटवलेली जोडणी गेलेली असण्याची शक्यता जास्त. नवं पॅनल टाकायचं तर खर्च पुष्कळदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो. वॉरंटी नसेल तर तो खर्च करू नका असंच मी सांगतो.

मागचं झाकण स्वतः उघडू नका. घरातली २३० व्होल्टची वीज पॉवर सप्लायमध्ये सरळ केली की सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते, आणि तिथला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ती धरून ठेवू शकतो. व्हिडिओत पॅनलची कड दाबून किंवा मधे कागद कोंबून पट्टा घालवताना दाखवतात, तेही नको. थोडे दिवस चालतं आणि मग काच तडकते. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या माणसाआधी कुणालाही हात लावू देऊ नका.

फोन करताना होम स्क्रीनवर पट्टा दिसत असलेला फोटो, टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर आणि खरेदीचं बिल तयार ठेवा. खर्चाचा अंदाज काम सुरू होण्याआधी लिहून घ्या. आणि मॅच काठोकाठ दिसत असताना, केवळ सिनेमाला पट्ट्या येतात म्हणून कुणी पॅनल किंवा बोर्ड बदलायला सांगत असेल, तर त्याला पैसे देऊ नका.